दोन बोटं माया

आई गेल्यावर महिन्याभराने स्विंडनहून एक कार्ड आलं. पाकीट प्रवासात कुठेतरी भिजून पुन्हा वाळलेलं, त्यामुळे पापडासारखं कडक. वर पांढऱ्या लिलींचं चित्र, आत छापील सांत्वन, आणि त्याखाली निळ्या बॉलपेनने लिहिलेल्या दोन ओळी. पहिली आईच्या आत्म्याला शांती मिळो अशी. दुसरी : 'आय वॉज ऑलवेज व्हेरी फॉन्ड ऑफ युअर मदर.' खाली आमच्या शेजारच्या आंटीचं नाव. मी ते कार्ड दोनदा वाचलं, देवघराशेजारच्या फडताळात उभं करून ठेवलं आणि स्वयंपाकघरात गेले. हुमणाला कढ येईपर्यंत माझ्या लक्षात आलं की मला राग आलाय. चाळीस वर्षं गडग्याच्या दोन बाजूंनी संसार केले या दोघींनी. एकीच्या घरची फणसाची भाजी दुसरीकडे गेली, दुसरीकडचं दोदोल आमच्याकडे आलं. आंटीच्या दोन बाळंतपणांत आईने तिला आंघोळीचं पाणी तापवून दिलेलं. आणि आता काय, तर फॉन्ड?

यात दोष शाळेचा. आमच्या पिढीची प्राथमिक शाळा मराठी, इंग्रजी आलं ते पाचवीत, आणि आलं तेही फळ्यावरच्या दोन रकान्यांतून. डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठी. 'टु बी फॉन्ड ऑफ : ची आवड असणे.' मग त्याची वाक्यं. मला आंब्यांची आवड आहे. माझ्या भावाला क्रिकेटची आवड आहे. पुढे कितीतरी वर्षं नोकरीच्या अर्जात छंदांच्या रकान्यात आम्ही सगळेच वाचनाचे फॉन्ड होतो, वाचत असू वा नसू. तेव्हा माझ्या डोक्यात त्या शब्दाची जागा आंबे, क्रिकेट आणि वाचन यांच्या रांगेत. त्या रांगेत आईला उभी केलेली पाहिली आणि वाटलं, बाई इंग्लंडात जाऊन थंड झाली.

आंटीला गोऱ्यांची हवा लागली, असं मी भावाला फोनवर म्हटलंसुद्धा.

खरं तर आंटीने इंग्रजीत का लिहावं, हे मला कळायला हवं होतं. त्या दोघी बोलायच्या ती कोंकणी. आंटीच्या बोलण्यात पाद्री-मिसाचे शब्द, आईच्या बोलण्यात सोवळं-ओवळं, पण मधला सगळा मळा एकच. लिहायची वेळ आली की मात्र वाटा फुटायच्या. आमच्या घरात बोलणं कोंकणीत आणि लिहिणं मराठीत : वाण्याची यादी, पोथी, पत्र, वर्तमानपत्र, सगळं. आंटीची कोंकणी रोमी अक्षरांत : तिचं प्रार्थनेचं पुस्तक, तियात्राची, म्हणजे कोंकणी नाटकांची, हँडबिलं. आईला तिची लिपी येत नव्हती, तिला आईची. दोघींना एकमेकींना लिहायची वेळच आली नाही म्हणा; गडग्यावरून हाक मारली की झालं. आंटीचं अक्षर कसं आहे हे मी त्या कार्डापर्यंत पाहिलंही नव्हतं. मुलगा तिकडे स्थायिक झाला, त्याने तिला नेली, आणि हाकेच्या अंतरावरची बाई एकदम पत्राच्या अंतरावर गेली. मग उरली ती दोघींच्याही घराबाहेरची भाषा.

आईची आणि तिची गाठ खरी पडली ती शिवणाच्या मशीनपाशी. आई वाड्यावरच्या बायकांचं शिवण करायची. पायाने चालवायचं काळं मशीन, त्यावरचं सोनेरी वेलबुट्टीचं चित्र घासून अर्धं गेलेलं, खिडकीशी अशा बेताने ठेवलेलं की दुपारचा उजेड सुईवर पडावा. आमच्यातल्या बायकांचे ब्लाउज, परकर. आंटीचे आणि तिच्या बहिणींचे फ्रॉक. फेस्ताच्या आधी पंधरा दिवस घरभर चिंध्या आणि खडूचा भुगा. आई कापड बेतायला बसली की तिच्याशी कोणी बोलायचं नाही असा दंडक होता. कात्री लावायच्या आधी ती बोटं ठेवून मोजायची आणि स्वतःशीच म्हणायची, 'दोन बोटां माया.' म्हणजे शिवणीच्या आत दोन बोटं जादा कापड सोडायचं. बाहेरून दिसत नाही, पण पुढे अंगाने भरलीस तर उसवून सैल करता येतं. बाजारातले शिंपी माया सोडत नाहीत, अर्ध्या बोटात भागवतात, असा तिचा कायमचा आरोप. आंटी दर दोन वर्षांनी सुटत गेली आणि आईने त्याच फ्रॉकांची माया थोडी थोडी उसवून दिली. एका हिरव्या फ्रॉकच्या कडांना जुन्या टाक्यांच्या तीन रेघा होत्या, झाडाच्या खोडातल्या वलयांसारख्या. तिचा शेवटचा फ्रॉक, निळ्यावर पांढरे ठिपके, बाह्या लावायच्या राहिलेला, अजून मशीनच्या खणात आहे. तो बेतला आणि मग आईच्या हाताला कात्री कशी धरायची ते आठवेनासं झालं.

रागाच्या भरातच मी शब्दकोश उघडला. माणूस भांडणात पुरावा शोधतो तसा. 'आवड' यापेक्षा जास्त काही निघत नाही ना, एवढंच बघायचं होतं.

निघालं भलतंच. फॉन्डचा मूळ अर्थ मूर्ख. चौदाव्या शतकातल्या इंग्रजीत 'फॉन' म्हणजे खुळा माणूस, त्याचं क्रियापद म्हणजे खुळ्यासारखं वागणं, आणि त्या क्रियापदाचं रूप 'फॉन्ड' : बावळट, वेडसर, बुद्धी फिरलेला. स्वीडिश भाषेत मूर्खाला जवळपास तसाच एक शब्द अजून आहे. मग पुढच्या दोनेकशे वर्षांत तो शब्द सरकत गेला. नुसता मूर्ख होता, तो एखाद्यावर जीव टाकण्यात मूर्ख झाला. आणि सोळावं शतक संपेपर्यंत मूर्खपणा मागे पडून नुसता जीव उरला. पूर्णपणे मागे पडला असंही नाही. इंग्रजीत अजून 'फॉन्ड होप' म्हणतात तेव्हा लाडकी आशा नसते ती, भाबडी आशा असते. कुरवाळण्यासाठीचा त्यांचा शब्दही याच घरातला. 'डोट' या शब्दाचा प्रवासही असाच, आधी बुद्धी चळणं, मग एखाद्यावर जीव ओवाळून टाकणं. म्हातारचळाला ते अजून 'डोटेज' म्हणतात. उलट्या रस्त्याने आलेला शब्दही आहे : 'सिली' मुळात धन्य, पुण्यवान असा होता, घसरत घसरत वेडपट झाला. (फाँडंट नावाच्या साखरेच्या लेपाचा या सगळ्याशी संबंध नाही, तो फ्रेंच वितळण्यातून आला. मी तोही तपासला. एकदा पदर अडकला की सगळं झुडूप हलतं.)

पण मला थांबवलं ते मिठाने. त्या जुन्या 'फॉन' क्रियापदाचा आणखी एक अर्थ आहे, बेचव होणं, आणि कदाचित तोच सगळ्यात पहिला. त्याच शतकातला इंग्रज धर्मसुधारक जॉन विक्लिफ, त्याच्या लिखाणात मीठ 'फॉन' झालं तर त्याला काही किंमत नाही अशा अर्थाचं वाक्य आहे. म्हणजे अळणी झालेलं मीठ. मूळ वचन येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनातलं, आंटीला तोंडपाठ असणारं : तुम्ही पृथ्वीचं मीठ आहा, पण मिठाचा खारटपणाच गेला तर? आणि गंमत म्हणजे शुभवर्तमानाच्या मूळ ग्रीकमध्येही तिथे जे क्रियापद आहे त्याचा नेहमीचा अर्थ 'मूर्ख होणं' हाच. मीठ मूर्ख झालं तर. अक्कल आणि खारटपणा त्या लोकांनी एकाच बरणीत ठेवलेले. आंटीच्या पिढीच्या मुलांना बाप्तिस्म्याच्या वेळी जिभेवर मिठाचा कण ठेवायचे, आणि लॅटिनमध्ये त्याला म्हणायचे ज्ञानाचं मीठ. पुढे विधी बदलला, तो कण गेला. आंटीच्या जिभेवर मात्र ठेवला गेला असणार. पाळण्यातल्या आंटीने तोंड वाकडं केलेलं मला स्पष्ट दिसलं.

मिठाचं आमच्या घरात फार. हडफड्याच्या मिठागरातलं मीठ यायचं, मे महिन्यात, पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीच्या, खरेदीबरोबर : सुकी मिरची, सोलां, सुकी सुंगटां आणि पोतंभर जाड, करडं मीठ. लहानपणी एकदा वडिलांच्या सायकलवरून तिथे गेले होते. भरतीचं पाणी मानशीतून, म्हणजे बांधातल्या झडपेच्या दारातून, आत घेतलेलं, एका खाचरातून दुसऱ्यात मुरत मुरत आलेलं, आणि शेवटच्या चौकोनात उन्हाने त्यावर पातळ साय धरावी तसं मीठ. उघड्या पायांच्या बायका टोपल्यांतून ते बांधावर ओतत होत्या आणि ढिगाऱ्यांवर नजर ठरत नव्हती. हे मीठ पावसात पाणी सोडतं. जूनमध्ये बरणीला घाम फुटतो, तळाशी खारं पाणी साठतं, आणि निथळत ठेवलेलं मीठ ऑगस्टपर्यंत खरोखरच जोर हरवून बसतं. पिशवीतल्या बारीक पांढऱ्या मिठाचं तसं काही होत नाही, म्हणून आजकालच्या वाचकाला ते वचन निव्वळ उपमा वाटत असेल. आई मात्र गणपतीच्या सुमारास मूठ वाढवायची. 'मिठाक आतां मीठ उरूंक ना,' म्हणायची. मीठ चिमटीने नाही, मुठीच्या खळग्याने मोजायची, आणि कधी चुकायची नाही.

चुकायला लागली तेव्हा आम्हाला कळलं.

आधी हुमण अळणी. मग दोनदा मीठ पडलेलं. मग एके दिवशी मिठाच्या बरणीत साखर. डॉक्टरांनी नंतर जे नाव सांगितलं त्याच्या आधी दीड वर्ष आमच्या जिभांना ते समजलेलं होतं, फक्त आम्ही ताटावर कोणी बोललो नाही. आई तशी कडक बाई. तिने आम्हाला कधी जवळ घेतल्याचं आठवत नाही. ताप आला तर कपाळावर हात ठेवायची तोही ताप मोजण्यापुरता, मोजला की उचललेला. आमच्याकडे ती पद्धतच नव्हती. दृष्ट काढायची ती मीठ-मोहरी ओवाळून, तीही गप्प राहून, आणि मीठ चुलीत तडतडलं की 'जा आता, अभ्यास कर.' तिचं आमच्यावर काय होतं ते शिवणीच्या आतल्या बाजूला असायचं. वाढत्या अंगाच्या फ्रॉकला ती मला दोन नाही, तीन बोटं सोडायची, एवढं मला माहीत होतं आणि ते मला पुरत होतं, निदान पुरतं असं मी धरून चालले होते.

बुद्धी ढळायला लागली तशी आई मायाळू झाली. दुसरा शब्द मला सापडत नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याचा हात धरून बसायची. दूध घालायला येणाऱ्या पोराच्या गालावरून हात फिरवायची आणि तो बिचारा लाजून पातेलं तसंच ठेवून पळायचा. आंटी तेव्हा अजून इथे होती; रोज चार वाजता येऊन सोप्यावर तिच्याशेजारी बसायची, आणि आई तिच्या मांडीवरच्या कापडाची कड चिमटीत धरून चाचपत राहायची, जणू आत किती शिल्लक आहे ते बघतेय. एका दुपारी मी आईची वेणी घालत होते. तिने वळून माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. तिचे तळवे इतके मऊ असतील असं मला वाटलं नव्हतं. बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, 'कितें गो सोबीत! कोणाची गो तूं?'

पन्नाशीला आल्यावर पहिल्यांदा आईने मला सुंदर म्हटलं, आणि त्याच दमात मी कोणाची ते विचारलं. त्यातलं कुठलं वाक्य घरी घेऊन जायचं आणि कुठलं तिथेच ठेवायचं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. ती माझ्यावरची माया होती की डोक्यातली एखादी मानस निखळल्यामुळे आत शिरलेलं पाणी? बहिणीचं म्हणणं, ते सगळं आत होतंच, फक्त बंधारा गेला. भावाचं म्हणणं, आजार आहे तो, त्यात अर्थ शोधू नये. दोघंही मला पटतात, दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी. रात्री फक्त भाऊ पटतो.

आणि कोशात तो मूर्ख-मायाळू शब्द वाचताना मला वाटलं, इंग्रजीला हे आमच्या सोप्यावर बसल्यासारखं ठाऊक होतं. शेक्सपिअरचा लिअर शेवटी भानावर येतो, समोर धाकटी मुलगी असते, ती आपलीच का याची त्याला खात्री नसते, तेव्हा तो स्वतःला 'फूलिश, फॉन्ड' म्हातारा म्हणवून घेतो. कॉलेजात आम्ही ते वाक्य परीक्षेपुरतं वाचलं होतं, आणि फॉन्डचा अर्थ प्रेमळ असा समासात लिहून मोकळ्या झालो होतो. प्रेमळ म्हातारा. तो बापडा सांगत होता की मी खुळावलोय, मला माझीच माणसं नीट ओळखू येत नाहीत.

मग मी आपल्या शब्दांकडे वळले, आणि तिथे तर बाजार भरलेला. मुग्ध म्हणजे किती गोड शब्द, पण त्याचा धातू तोच जो मूढचा. मुग्ध आणि मूढ सख्खे भाऊ, एक सुंदर झाला आणि एक मठ्ठ राहिला. मोहही त्यांच्याच घरातला. आमच्या कोंकणीत प्रेमाला मोग म्हणतात आणि मला त्यात नेहमी मोहच ऐकू येतो. वेड लागतं ते डोक्यालाही आणि एखाद्या माणसाचंही. संतांना विठ्ठलाचं पिसं लागतं, आणि आंटीच्या कोंकणीत पिसो म्हणजे सरळ वेडा, दगड मारणारा. खुळी गं माझी, म्हणतो आपण लेकरांना, आणि त्यात शिवी कुठे संपते नि लाड कुठे सुरू होतात ते लेकरूच जाणे. आणि माया. वेदान्त्यांच्या लेखी सगळा भ्रम; कुणी पैसा गाठीला बांधला तर लोक म्हणतात माया जमवली; आणि आई पोराच्या पाठीवरून हात फिरवते तीही माया. या तिन्हींच्या पलीकडे जो चौथा अर्थ शिंप्यांनी आपल्यापुरता काढून ठेवलाय, तो लिहिताना कोशकाराच्या घरात नक्की कोणीतरी मशीनवर बसलेलं असणार.

तोपर्यंत माझा कार्डावरचा राग गेला होता. गेला म्हणजे, उलट्या टोकाला गेला. मला वाटायला लागलं की आंटीने तो शब्द पारखून घातलाय. चार वाजता सोप्यावर बसणाऱ्या बाईला दुसरा कुठला शब्द सुचणार? कार्ड मी फडताळातून काढून देवघरात ठेवलं. तुम्ही हसाल, पण दोन-चार जणांना मी हा सगळा मूर्खपणाचा आणि मिठाचा इतिहास सांगितला, आणि शेवटी कार्ड दाखवलं, कुणी ताम्रपट दाखवावा तसं.

आंटी एप्रिलमध्ये आली, म्हापशाच्या मिलाग्र सायबिणीच्या फेस्ताला. दरवर्षी त्या फेस्ताला आई तिच्याकडे सायबिणीसाठी तेलाची बाटली द्यायची. यंदा मी दिली. ती गडग्याच्या फटीतून आली नाही, फाटकातून आली, आणि मला तेवढ्यानेही कसंतरी झालं. बारीक झाली होती. गळ्याशी कातडी लोंबत होती. तिकडे भूक लागत नाही म्हणाली, मासळीला वासच नाही. सोप्यावर आपल्या नेहमीच्या जागी बसली, शेजारची जागा मोकळी सोडून. मी चहा दिला आणि शेवटी विचारलंच, ते कार्ड, त्यात तू जे लिहिलंस ना...

'तें नातवान बरयलें गो,' ती म्हणाली.

नातू सोळा वर्षांचा आहे, तिथेच वाढलेला. अक्षर त्याचं. वाक्य त्याचं. त्याने आईला पाहिलं ते तिसरीत असताना, सुट्टीत, एकदा. मी म्हटलं, पण तू त्याला काय सांगितलं होतंस? आंटीने कप खाली ठेवला आणि आठवायचा खरोखर प्रयत्न केला. 'खबर ना, बाय. हांव रडटालीं. ताका म्हळें, बरें कशें कितें तरी बरय.' मग माझा चेहरा बघून तिला वाटलं काहीतरी वाईट लिहिलं गेलंय, आणि ती घाबरून विचारायला लागली, त्याने काय लिहिलंय, चुकीचं लिहिलंय का. मी म्हटलं, नाही गो, बरं लिहिलंय. सहा महिने मी एका शाळकरी पोराने पहिला हाताला लागेल तो शब्द उचलला त्याची उत्खननं करत होते. हसू आलं, आणि आवरेना, आणि आंटीही का ते न कळता हसायला लागली, आणि मग दोघींनाही पदर शोधावा लागला. तिच्याकडे पदर नाही, तिने माझाच घेतला.

मग मी मशीनच्या खणातला तो निळा, पांढऱ्या ठिपक्यांचा फ्रॉक काढला. वर्षांनुवर्षं घडीत राहिल्याने घडीच्या जागी रंग उतरला होता. आतल्या खोलीत तिने तो अंगावर चढवला, बाह्यांशिवाय, आणि बाहेर येऊन उजेडात उभी राहिली. दोन्ही बाजूंनी ढगळ झाला होता. आईने तो त्या जुन्या आंटीला बेतलेला, वर आणखी पुढच्या दोन-चार वर्षांचा हिशेब धरून. मला शिवण फार येत नाही, पण टाचण्या लावून आत घेता येतं. मी आतली बाजू उलटून बघितली. दोन्हीकडे भरपूर, दोन बोटांहून जास्तच, कडा तिरप्या टाक्यांनी नीट बांधलेल्या. मी टाचण्या तोंडात धरल्या आणि एका बाजूने चिमटीत घेत गेले. आता तर आत इतकं कापड उरत होतं की शिवण फुगली असती. मी कात्रीकडे बोट दाखवून विचारलं, हे जादा कापून टाकू का?

'नाका गो,' आंटी म्हणाली. 'आसूं दी. हांव परत मोटी जातलीं.'

तोंडात टाचण्या होत्या, मी नुसती मान हलवली.